निवळी फीडरचा चढता आकडा

आपण खोटारडे आहोत हे सरकारी कागदावर नोंदवून घ्यावं, म्हणून महिपती ठाकूर तीन आठवडे पेण आणि रोह्याच्या चकरा मारत होता, आणि कुणी म्हणून त्याची दखल घेईना.

एरवी माणसाला खोटारडा ठरवायला आपल्याकडे वेळ लागत नाही. त्याला चहाची टपरी पुरते. पण इथे साठीचा गृहस्थ, खात्यातून मिळालेली खाकी पँट अजून इस्त्री करून घालणारा, हात जोडून सांगतोय, ‘‘साहेब, मी आठ वर्सं खोटं लिवलं, तेवढं लिहून घ्या,’’ आणि साहेब म्हणतात, ‘‘बसा, पाणी घ्या, उन्हातून आलात.’’ अशा वेळी माणसानं काय करावं? महिपती पाणी प्यायचा आणि परत तेच सांगायचा.

तो खारनिवळीच्या सबस्टेशनवर एकटाच ऑपरेटर होता. पेणच्या खाडीकडेची सात गावं त्या एका फीडरवर, म्हणजे एका विजेच्या लाइनवर होती. दर तासाला मीटरपुढे उभं राहायचं, गावं किती अँपिअर ओढतात ते बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं, हे त्याचं काम. अक्षर मोत्यासारखं. एक तास कधी कोरा नाही, एक खाडाखोड नाही.

आणि वीज म्हणाल तर नावाला. संध्याकाळी सात वाजले की घरातला दिवा निखाऱ्यासारखा लाल व्हायचा. टीव्हीवरची माणसं आक्रसून मधल्या पट्टीत गोळा व्हायची. भाताच्या गिरणीचा पट्टा जागचा हलायचा नाही. मोठा ट्रान्सफॉर्मर मागून मागून गावाच्या तोंडाला फेस आला. शेवटी सत्त्याऐंशी साली एका ज्युनियर इंजिनियरनं महिपतीला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘अर्ज कसले करताय? नियम काय आहे, शंभर अँपिअरच्या वर लोड दिसला तर मोठा ट्रान्सफॉर्मर. तुमचा साठाच्या पुढे जात नाही.’’

‘‘साहेब, दाबच नाय तर गाव खेचनार काय?’’ महिपती म्हणाला.

‘‘ते नियमात बसत नाही,’’ साहेब म्हणाला आणि जीपमध्ये बसून गेला.

म्हणजे लोड नाही म्हणून ट्रान्सफॉर्मर नाही, आणि ट्रान्सफॉर्मर नाही म्हणून लोड नाही. या चक्रात गावानं किती पिढ्या बसायचं? त्या संध्याकाळी मीटरचा काटा साठावर होता आणि महिपतीनं सत्तर लिहिले. सकाळी कुणी विचारलं नाही. महिन्यानं लॉगशीटवर साहेबांची सही होऊन आली. मग पुढच्या वर्षी ऐंशी. त्याच्या पुढच्या वर्षी नव्वद. दरवर्षी दहा, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. शंभर ओलांडले त्या वर्षी ट्रक आला आणि ट्रकवर नवा कोरा ट्रान्सफॉर्मर आला.

गावानं महिपतीची मिरवणूक काढली. खालूबाजा लावला. सरपंच जनूनं शाल घातली, बायकांनी ट्रान्सफॉर्मरला हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला तिथं नारळ फुटायला लागला. महिपतीच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता, आणि त्याच दिवशी तो पुरता अडकला. कारण ट्रान्सफॉर्मर मोठा आला, पण तारा जुन्या, बारीक. खरा लोड पंच्याहत्तरला जाऊन थांबला. कागदावर मात्र एकशेदहा. आता खाली यावं तर साहेब विचारणार, एवढा लोड गेला कुठे? मग चढवत राहणं आलं. पंच्याण्णव साली तो निवृत्त झाला तेव्हा कागदावर एकशेचाळीस अँपिअर होते.

निवृत्त झाल्यावर तो ते विसरलाही. चार खंडी भाताची खाचरं होती, थोडं मिठागर होतं, बायको गोदूबाई होती. मुलगी नम्रता पेणच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, पनवेलला कंप्युटरचा कोर्स केला आणि रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात लागली. मुंबईची कंपनी होती. जिल्ह्याला पुढची पंधरा वर्षं किती वीज लागेल आणि ती कुठून आणायची, याचा अहवाल तिला करायचा होता.

एका शनिवारी नम्रता घरी आली ती नाचतच. ‘‘बाबा, तुमचं अक्षर आमच्या ऑफिसात आलंय!’’

महिपती जेवत होता. ‘‘माझं? ते कशाला?’’

‘‘सगळ्या सबस्टेशनच्या जुन्या नोंदी आम्ही कंप्युटरला देतोय. कुठल्या वर्षी किती वीज ओढली, ते सगळं. त्यावरून तो पुढचं काढून देतो. त्याला मॉडेल म्हणतात. आणि बाकीच्यांच्या शीटा काय सांगू! कुठं वाळवी लागलेली, कुठं पानंच नाहीत, कुठं महिनाभर नुसत्या रेघा. तुमची एकट्याची पूर्ण. टिपणीस साहेब म्हणाले, हाच फीडर नमुना धरू, आणि खाडीपट्ट्याच्या साठही गावांना हाच लावू.’’

गोदूबाईनं नवऱ्याच्या पानात मासळीची आणखी एक तुकडी वाढली. महिपतीनं ती न खाता पानाच्या कडेला सारली. म्हणाला असेल मनात, असू दे, नुसते कागद तर आहेत.

भाद्रपदाच्या सुरुवातीला पंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. खारनिवळीच्या हद्दीत पाचशे मेगावॉटचं वीजकेंद्र. नऊशे एकर. त्यात गावाची सगळी भातशेती, मिठागरं, बहिरीचं देऊळ आणि एकशेवीस घरं. कारण पहिल्याच ओळीत दिलं होतं: ‘खाडीपट्ट्यातील विजेची मागणी दरवर्षी अकरा टक्क्यांनी वाढत असल्याने.’

महिपतीनं ती ओळ चार वेळा वाचली. भोवती माणसं शिव्या देत होती, कुणी रडत होतं. त्याला काही ऐकू येईना. अकरा टक्के. साठाचे एकशेचाळीस, आठ वर्षांत. तिथल्या तिथे मनातल्या मनात हिशेब बसला. हे आपल्या हातचं आहे. आपणच लिहिलंय. गावाला उजेड यावा म्हणून दरवर्षी जे दहा चढवले, त्यांनीच आज गाव उठवायला घेतलं होतं.

नम्रताला त्यानं मिठागराच्या बांधावर नेऊन सगळं सांगितलं. तिनं मागेपुढे कुणी आहे का ते पाहिलं. मग हळूच म्हणाली, ‘‘बाबा, अहवाल सर्वपित्रीनंतर मुंबईला जाईल. तोवर फायली माझ्याच कंप्युटरवर आहेत. मी बदलू शकते. कुणाला कळणार पण नाय.’’

‘‘नाय,’’ महिपती म्हणाला. ‘‘एकदा मी गुपचूप आकडा बदलला, त्यातनं हे उभं राहिलं. आता तू बदलशील, तुझ्या पोरांच्या दारात काय उभं राहील? मी जातो आनि सांगतो. खरं सांगितल्यावर कोन नाय ऐकनार?’’

बिचारा. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पहिली फेरी रोह्याला. कासूच्या स्टेशनवरून गाडी पकडून तो नम्रताच्या ऑफिसात गेला. कंप्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असत, आत गारठा असे. टिपणीस तिशीपस्तिशीतला, चष्मा लावणारा, बोलायला गोड माणूस होता. महिपतीचं सगळं त्यानं मध्ये न बोलता ऐकलं. मग कंप्युटरवर एक चित्र काढून दाखवलं. ठिपके होते आणि ठिपक्यांतून एक रेघ चढत गेली होती.

‘‘हा तुमचा फीडर. काका, मी बारा जिल्ह्यांचं काम केलंय. इतकी सरळ रेघ मला कुठे मिळाली नाही.’’

‘‘सरळ हाय म्हनूनच खोटी हाय, साहेब. गाव असं सरळ चालतं का कधी? लगीनसराईत वर जाईल, पावसात खाली येईल. ही माझ्या हातची रेघ हाय.’’

टिपणीस हसला, पण कुचेष्टेनं नाही. ‘‘जमीन जाणार असली की प्रत्येक जण मला काही ना काही सांगतो. एक जण म्हणाला, तिथं भूत आहे. तुम्ही नव्याण्णव टक्के लोकांपेक्षा हुशार आहात, एवढंच. पण लॉगशीटवर तुमच्या सहीखाली तीन इंजिनियरांच्या सह्या आहेत. माझ्याकडे त्या खोट्या मानायला पुरावा काय?’’

म्हणून दुसरी फेरी पेणला, खात्याच्या कार्यालयात. तिथल्या डेप्युटी साहेबानं लेखी अर्ज वाचला, उठून दार लावून घेतलं आणि अर्जाचे चार तुकडे केले.

‘‘ठाकूर, वेड लागलंय का? हे नोंदलं तर आधी तुमची पेन्शन थांबेल. मग ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यावर चौकशी. त्यातला एक आज माझा साहेब आहे. तुमच्या आकड्यात काही चूक नाही. समजलं? चूक नाही. घरी जा.’’

‘‘साहेब, एकशेवीस घरं हायेत,’’ महिपती म्हणाला.

‘‘घरी जा,’’ डेप्युटी म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाजही नीट नव्हता.

त्यानंतर महिपती आणखी तीनदा रोह्याला, दोनदा पेणला गेला. वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभा असला की तो स्वतःशीच पुटपुटायचा आणि ओळखीची माणसं तोंड फिरवायची. जेवण तुटलं. गोदूबाई रात्रंदिवस विचारायची, काय झालंय, आणि हा पठ्ठ्या बायकोला सांगायची हिंमत होईना म्हणून साहेबांना सांगत फिरत होता. एकदा तर गाडीतून उतरताना त्याच्या मनात आलं, की आपण इथंच रुळावर राहिलो तर? पण मग लॉगशीट तशीच राहील आणि ती खोटी आहे हे सांगणारं उरणार कोण? त्या विचारानं तो नीट फलाटावर उतरला.

पुरावा त्याला सापडला तो गावातच. आणि सापडला तेव्हा वाटलं, न सापडता तर बरं.

खारनिवळीची सगळी शेती खाडीच्या पातळीखाली. समुद्राला अडवून धरलाय तो मातीच्या बांधानं. मोठ्या उधाणाला बांध फुटला की आरोळी उठते, ‘‘खांड पडली!’’ आणि मग घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, मग तो कुणीही असो. कोण आला ते बांधाच्या वहीत लिहितात. जो येत नाही त्याला गाव सणावाराला बोलावत नाही. ती वही कान्हू घरताकडे असे, त्याच्या आधी त्याच्या बापाकडे होती. त्र्याण्णव साली आश्विनात अशी खांड पडली होती, तीन दिवस. महिपतीची ड्यूटी होती. त्यानं सबस्टेशनला कुलूप घातलं आणि तीन दिवस तो चिखलात उभा राहिला. विजेचा खांबही त्याच पाण्यात आडवा झाला होता, फीडर बंदच होता. लाइनमन सखानं खांब परस्पर उभा केला, कागद कुणी केला नाही. चौथ्या दिवशी महिपती सबस्टेशनवर आला, कोरी शीट दिसली तर मेमो मिळेल म्हणून बसला आणि तिन्ही दिवसांचे बहात्तर तास सुबक अक्षरात भरून टाकले. एकशेवीस, एकशेतीस, एकशेपंचवीस. खांब पाण्यात पडलेला आणि कागदावर सात गावं झगझगीत.

बांधाच्या वहीत तो तीन दिवस हजर होता. लॉगशीटवरही हजर होता. एक माणूस दोन ठिकाणी नसतो, हे तर कंप्युटरलाही मान्य करावं लागेल.

पण वही हवी तर गावाला सांगायला हवं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बहिरीच्या देवळात माणसं जमली. महिपती उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. साठाचे सत्तर कसे केले, तिथपासून. आधी दोघं-तिघं हसले, त्यांना गंमत वाटली. मग हसणं थांबलं. सरपंच जनू म्हातारा झाला होता, त्यानं मान वर करून विचारलं, ‘‘मंग ती मिरवनूक?’’

महिपतीनं हात जोडले.

‘‘माझ्या हातानं शाल घातली रं तुला,’’ जनू म्हणाला.

गोदूबाई बायकांत बसली होती. ती उठून निघून गेली. इतक्या वर्षांत नवरा काय लिहीत होता ते तिला आज, साऱ्या गावाबरोबर कळलं होतं, आणि हे त्याला बांध फुटण्यापेक्षा जास्त लागलं.

कान्हू वही घेऊन आला. लाल कापडात बांधलेली, कडा कुरतडलेल्या. ती त्यानं महिपतीच्या हातात दिली नाही, पुढ्यात जमिनीवर ठेवली. ‘‘जा घेऊन. गाव वाचलं तर बघू तुझं काय करायचं ते.’’

सर्वपित्रीच्या सकाळी घरात पितरांचं पान वाढायची तयारी चालली होती. गोदूबाई चुलीपुढून हलली नाही. महिपती उपाशीपोटी सहाच्या गाडीनं रोह्याला गेला. कापडातली वही छातीशी धरून.

टिपणीसनं वही उघडली. तारखा पाहिल्या. लॉगशीटचा गठ्ठा मागवला, त्याच तारखांची पानं काढली आणि दोन्ही शेजारी ठेवली. एकेका तासावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून त्यानं डोळे चोळले.

‘‘काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतात.’’

महिपतीला रडू कोसळलं. तीन आठवड्यांत प्रथमच कुणीतरी त्याला खोटारडा म्हटलं होतं. नम्रता कंप्युटरपुढे बसली होती, तिनं तोंड फिरवलं.

टिपणीसनं वहीच्या पानांची झेरॉक्स काढून फाईलला लावली, महिपतीचा लेखी जबाब घेतला, सही घेतली. मग नम्रताला म्हणाला, ‘‘निवळीचा नमुना काढून टाक. खरा लोड घाल. वाढ वर्षाला दोन टक्के. पुन्हा चालव.’’

कंप्युटरला चाळीस मिनिटं लागली. महिपती भिंतीला टेकून अनवाणी उभा होता, भेगाळलेल्या टाचांचा चिखल त्या गुळगुळीत फरशीवर दिसू नये म्हणून अंग चोरून. त्यानं बहिरीला नवस बोलला. पितरांची क्षमा मागितली. मग प्रिंटर करकरायला लागला आणि भोकाभोकांचा लांबलचक कागद बाहेर येत राहिला. टिपणीस तो उभ्यानंच वाचत होता, आणि वाचता वाचता खुर्चीत बसला.

‘‘काय झालं साहेब? किती उतरला?’’

‘‘बारावरून चारवर आला,’’ टिपणीस म्हणाला. ‘‘मेगावॉट. तुमच्या साठ गावांची मिळून मागणी.’’

‘‘मंग?’’

‘‘काका, केंद्र पाचशेचं आहे. दोन संच, अडीचशे-अडीचशेचे. मुंबई आहे, इकडचे कारखाने आहेत. पाचशेतून आठ गेले तर संच काही कमी होत नाही.’’ तो थांबला. ‘‘केंद्र तसंच राहतंय. जागाही तीच.’’

महिपतीला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा त्यानं टेबल धरलं. ‘‘आमचे बाराच होते? पाचशेत बारा? मंग पहिल्या ओळीत आमचं नाव कशाला घातलं? आमची मागनी वाढली म्हनून, असं भिंतीवर कशाला लावलं?’’

टिपणीस खाली बघत म्हणाला, ‘‘स्थानिक मागणी दाखवली की लोकांना पटवायला सोपं जातं. तुमची रेघ चांगली होती. वर लावायला बरी दिसली.’’

बरी दिसली! माणसानं तीन आठवडे स्वतःला चावून खावं, गावापुढे उघडं व्हावं, बायको तोंड फिरवून बसावी, आणि हे सगळं कशासाठी, तर रेघ वर लावायला बरी दिसली.

तेवढ्यात नम्रतानं कागदाचं दुसरं टोक हातात घेतलं. ‘‘साहेब, हे काय आलंय?’’ आणि तिनं वाचलं, एकेक शब्द सुटा करून, ‘‘‘खाडीपट्टा, नवीन सबस्टेशन आणि नवीन तारा. मागणी अपुरी. वगळावे.’’’

आधीच्या अहवालात ते होतं. साठ गावांना नवं सबस्टेशन आणि जाड तारा. केंद्राच्या धुराड्याखाली राहणाऱ्यांना निदान उजेड मिळाला असता. गाव जिथं कुठं उठून गेलं असतं, तिथं दिवा लाल झाला नसता. मागणी बारा होती म्हणून ते कागदावर होतं. आता मागणी चार झाली. जमीन जाणार होती ती जाणारच होती. महिपतीनं खरं सांगून घालवला होता तो फक्त दिवा, आणि तोही एकट्या खारनिवळीचा नाही, साठ गावांचा.

‘‘परत घाल,’’ महिपती म्हणाला. ‘‘नम्रता, परत घाल गो माझा आकडा. एकशेचाळीस घाल. साहेब, मी खोटं बोललो आज. वही खोटी हाय. मी बांधावर नव्हतोच, सबस्टेशनवर होतो. घाला परत.’’

नम्रताचे हात बटणांवर होते. ती टिपणीसकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

‘‘आता नाही घालता येणार, काका,’’ टिपणीस म्हणाला. ‘‘तुम्ही सिद्ध केलंत ना. जबाब फाईलला लागला.’’

‘‘फाडा तो. पेनच्या साहेबानं फाडला व्हता, तुमीबी फाडा.’’

टिपणीसनं फाईल जवळ ओढून घेतली. तो माणूस वाईट नव्हता. पण बारा जिल्ह्यांत पहिल्यांदा त्याच्या हाती पक्का पुरावा असलेला आकडा लागला होता, आणि तो त्याला सोडवेना.

परतीच्या गाडीत महिपती दारातच बसून होता. कासूला उतरला तेव्हा एक वाजून गेला होता. रस्त्याला लागला आणि वाऱ्यावर आरोळी आली.

‘‘खांड पडली! खांड!’’

अमावास्येचं उधाण होतं. बांधाला गाडीभर रुंद भगदाड पडलं होतं आणि खारं पाणी लोंब्या धरलेल्या भातात शिरत होतं. सगळं गाव बांधावर होतं. पेंढ्याचे भारे, चिखलाच्या पाट्या हातोहात पुढे जात होत्या. महिपतीनं वही एका मोठ्या धोंड्यावर ठेवली, पँट वर केली आणि रांगेत शिरला. त्याच्या पलीकडे गोदूबाई होती. आज तिच्या घरचा माणूस म्हणून तीच आली होती.

कान्हूनं लांबूनच ओरडून विचारलं, ‘‘काय झालं रं तिकडं?’’

भरती उतरेपर्यंत थांबावं, असं महिपतीच्या मनात आलं. एक खोटा शब्द पुरला असता. झालं काम, म्हणायचं, एवढंच. त्याची जीभ तिथवर आलीही. पण त्यानं सांगितलं. वाऱ्यात ओरडून, सगळं सांगितलं. केंद्र होणार आहे. गाव जाणार आहे. दिवेसुद्धा मिळणार नाहीत, ते माझ्यामुळं.

रांग थांबली. पाटी हातात घेऊन माणसं जागच्या जागी उभी राहिली. पाणी आत येतच होतं.

‘‘मंग हा बांध कुनासाठी बांधतो आपन?’’ कान्हू म्हणाला. तो कुणा एकाला विचारत नव्हता.

जनू म्हातारा पाण्याकडे बघत होता. मग गोदूबाईनं, नवऱ्याकडे न बघता, त्याच्या हातातली पाटी ओढून घेतली.

‘‘भात उभा हाय अजून,’’ ती म्हणाली आणि पाटी पुढे दिली.

रांग पुन्हा चालू झाली. साडेचारला पाणी उतरलं, तेव्हा भगदाड बुजलं होतं. अर्धं भात खाऱ्या पाण्यात गेलं होतं, अर्धं वाचलं होतं. कान्हूनं धोंड्यावरची वही उचलली, पेन झटकलं आणि घरटी नावं घ्यायला सुरुवात केली. जनू पाटील, हजर. सखा, हजर. पोपट, हजर. माणसं चिखलातून एकेक करून वर येत होती आणि नाव सांगून घरी जात होती, पितरांची पानं वाढायची राहिली होती.

ठाकुरांच्या घराशी आल्यावर कान्हू क्षणभर थांबला. समोर कमरेपर्यंत चिखलानं माखलेला महिपती उभा होता. कान्हूनं त्याच्याकडे पाहिलं आणि खाली लिहिलं, गोदूबाई ठाकूर, हजर. मग त्यानं वही लाल कापडात बांधली.

महिपतीनं ते वाचलं होतं. आयुष्यभर जिथं नव्हता तिथंही त्याचं नाव लागलं होतं, आणि आज तो होता तिथं नाव नव्हतं. त्यानं रिकाम्या पाट्या गोळा केल्या आणि खाडीच्या पाण्यात एकेक धुवायला बसला.